वरचा दगड

पाणचक्कीचा वरचा दगड फुटला तेव्हा म्हातारा पाटाच्या तोंडाशी गाळ उपसत होता. पाठीत कुणी फळी हाणावी तसा आवाज आला. फावडं तिथंच टाकून तो धापा टाकत खाली आला, तर आत पिठाचा नुसता धुरळा, धुरळ्यात मुलगा बसलेला आणि त्याच्या उजव्या पावलावर परातीएवढा दगडाचा तुकडा. सून दोन्ही हातांनी तो तुकडा रेटत होती. तोंडातून शब्द नाही. म्हातारी मात्र दारातूनच अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडत होती.

दोघांनी मिळून तुकडा बाजूला केला. पाऊल वांग्यासारखं जांभळं पडलं होतं. हाडवैद्यानं चाचपून पाहिलं आणि सांगितलं, "पिकं घरात येईपर्यंत याला पाय टेकू देऊ नका. टेकला तर जन्मभर लंगडेल."

पिकं यायला फार दिवस उरले नव्हते. आणि चक्की बंद म्हणजे नुसती चक्की बंद नव्हती. पाटाचं पाणी चक्कीचं होतं, पण चक्की फिरते आहे तोवरच. शेजारचा बागवाला कित्येक वर्षं त्या पाण्यावर डोळा ठेवून होता. दगड फुटल्याची धूळ खाली बसायच्या आत तो पंचांकडे जाऊन बसला. पंच माणूस म्हणून बरे होते, पण त्यांनाही बाजू घ्यायला कारण लागतं.

"पहिला धान्याचा गाडा येईपर्यंत थांबतो," मोठे पंच म्हणाले. "तोवर चक्की फिरली तर पाणी तुझं. नाही फिरली, तर बागांना सोडू. पाणी नुसतं वाहून जाऊ द्यायचं का?"

म्हातारा मान खाली घालून घरी आला. बागवाल्यानं वाटेत त्याला हाक मारून मुलाच्या पायाची चौकशी केली, तीही अगदी मायेनं. ते जास्त झोंबलं.

खोऱ्यातला दगड मऊ. त्याचं पीठ खाल्लं की दाताखाली कचकच. चक्कीला लागतो तो काळा, बारीक दाण्याचा दगड डोंगरात मिळायचा. पण डोंगरातली भाषा वेगळी. त्या मुलखात भाषांचे थरच होते म्हणा ना. खोऱ्यात एक, डोंगरात दुसरी आणि दोन्हींच्या डोक्यावर सम्राटाची तिसरी. सम्राट जाऊन, त्याचं राज्य मोडून पुष्कळ वर्षं लोटली होती. गावातला त्याचा पुतळा कुणी तरी पाडला होता आणि रिकाम्या चौथऱ्यावर बायका कपडे वाळत घालत. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांवर मात्र अजून त्याचीच अक्षरं होती. ती आता कुणालाच वाचता येत नव्हती.

मुलाला डोंगराची भाषा यायची. रस्त्याच्या कामावर दोन वर्षं तिकडे होता तेव्हा तो ती शिकला आणि येताना बायकोही तिकडचीच घेऊन आला. पण आता तो खाटेवर होता.

"हिला घेऊन जा," तो बापाला म्हणाला. बायको उशाशी उभी होती.

म्हातारीनं कपाळाला हात लावला. "हिला? अहो, ही दगड मागायला जाणार? हिला मीठ मागायचं असलं तर बरणी दाखवते ही!"

सुनेला गाव 'अबोली' म्हणायचं. लग्नाला तीन वर्षं होत आली होती. आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मोठे पंच पीठ न्यायला आले. त्यांना 'बसा' म्हणायच्या ऐवजी ती भलतंच काही म्हणून गेली. पाणवठ्यावरच्या बायका ते सांगून महिनाभर हसत होत्या. त्यानंतर तिचं तोंड जे मिटलं ते मिटलंच. काम डोंगराएवढं करायची. पोती उचलायची, पाट साफ करायची, दगडाला खाचा पाडायला टाकी लावताना सासऱ्याच्या बरोबरीनं बसायची. पण बोलणं हो किंवा नाही, एवढंच. म्हातारीला त्याचं कौतुकच होतं. चारचौघींत म्हणायची, "सून असावी तर अशी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक शब्द नाही." आणि मग स्वतःच तासभर बोलायची.

म्हाताऱ्याला वाटायचं, असतो एकेकाचा स्वभाव.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं निघाली. पुढे खेचर, मागे म्हातारा, त्याच्या मागे सून. खेचरावर दोरखंड, एक जाड वासा आणि धान्याची पोती. खेचराशी म्हातारा बोलत होता, सुनेशी काय बोलावं ते त्याला सुचत नव्हतं. "ऊन आहे," तो म्हणाला. "हो," ती म्हणाली. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "वारा सुटलाय." ती म्हणाली, "हो." झालं.

सम्राटाच्या वेळचा दगडी पूल ओलांडला आणि चढ लागला. झाडं बदलली, हवा पातळ झाली. एका वळणावर वरून शेळ्या घेऊन एक बाई उतरत होती. सुनेला पाहून ती थबकली, काहीतरी ओरडली. आणि सुनेनं तोंड उघडलं.

म्हाताऱ्याला आधी वाटलं, मागून दुसरंच कुणी बोलतंय. आवाज भरदार, खालून वर उसळणारा. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातानं कुणाची तरी नक्कल चाललेली. शेळीवाली हसून हसून दगडावर बसली. सून थांबायचं नावच घेईना. शेळ्या रानात पसरल्या, खेचरानं कुणाचं तरी कुंपण खायला घेतलं, तरी दोघींचं संपेना.

शेवटी शेळीवाली डोळे पुसत गेली. म्हाताऱ्यानं विचारलं, "काय म्हणत होती?"

"काही नाही," सून म्हणाली.

पुढचा चढ म्हातारा गप्प चढला. काही नाहीला एवढा वेळ लागतो?

सुनेचं माहेर म्हणजे उताराला चिकटलेली दहा-बारा घरं. आई-बाप नव्हते, एक मावशी होती आणि मावशीच्या घरात सगळं गाव मावलं होतं. म्हाताऱ्याला चुलीपुढे चांगल्या जागी बसवलं, अंगावर घोंगडी टाकली, हातात दुधाचा पेला दिला. मग जो तो त्याच्याशी बोलू लागला. त्याला कळत नाही म्हटल्यावर तेच पुन्हा, मोठ्यानं. एक म्हातारा तर कानाशी येऊन ओरडला. 'अरे बाबा, मी बहिरा नाही,' हे सांगायचं कसं? तो हसला. ते सगळे हसले. त्यानं दूध पिऊन संपवलं की पेला पुन्हा भरायचा. नको म्हणून त्यानं हात हलवला, तर त्यांना वाटलं, अजून हवं. चौथ्या पेल्यानंतर त्याला बाहेर जायची घाई झाली आणि ते कुणाला, कसं विचारावं हेही कळेना. सून पलीकडे बायकांत बसून काहीतरी रंगवून सांगत होती. तिला हाक मारायची तर मारणार काय म्हणून? सगळ्यांच्या देखत? तो उठला, तर दोघांनी खांद्याला धरून प्रेमानं खाली बसवला.

सुनेनं ते लांबून पाहिलं. ती उठून आली, एका पोक्त माणसाला दोन शब्द बोलली आणि त्यानं म्हाताऱ्याला हाताला धरून मागच्या कुंपणाकडे नेलं. परत येताना म्हाताऱ्याचे कान तापले होते. तीन वर्षं ही पोरगी आपल्या घरात कशी राहिली असेल, असं त्याच्या मनात आलं. त्याला तर अजून एक संध्याकाळसुद्धा झाली नव्हती.

सकाळी खाणीवर गेले. खाणीचा मालक एक वाळका, ताठ म्हातारा होता. डावा कान नव्हता, म्हणून त्याला सगळे एककानी म्हणत. खाणीत नुसती खपली आणि चुरा. घडवलेला दगड एकच होता. झाडाखाली उभा करून ठेवलेला, छातीएवढा उंच, काळाभोर, मधोमध नीट गोल डोळा पाडलेला. म्हाताऱ्यानं त्याच्यावर तळहात फिरवला. बोटांना दाणा लागला तसा त्याचा जीव त्या दगडात अडकला.

सून बोलली. एककानीनं मान हलवली. सून पुन्हा बोलली. त्यानं पुन्हा मान हलवली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"नाही म्हणतो," सून म्हणाली. "म्हणतो, दगड माझा. मी मेलो की... वर ठेवायचा."

"कशाच्या वर?"

"त्याच्या वर."

म्हाताऱ्यानं दगडाकडे पाहिलं, एककानीकडे पाहिलं. "थडग्यावर? आणि हे मधलं भोक?"

सुनेनं विचारलं. एककानीनं गंभीरपणे उत्तर दिलं.

"म्हणतो, पाऊस आला की कळेल."

म्हाताऱ्याला हसू आवरेना. एककानीला राग आला की काय, कळेना. तेवढ्यात सैल सुटलेलं खेचर दगडाच्या चुऱ्यावरून घसरत कड्याकडे निघालं आणि म्हाताऱ्याच्या तोंडून आपोआप हुकूम सुटला. सम्राटाच्या फौजेतला, थांबायचा. तरुणपणी त्याला पकडून फौजेत नेलं होतं आणि हे शब्द छडीच्या फटक्यासरशी त्याच्या अंगात बसवले होते.

खेचर काही थांबलं नाही. एककानी थांबला. टाचा जुळवून, हात मांड्यांना लावून, खांबासारखा.

सुनेनं धावत जाऊन खेचर धरलं. मग एककानीनं डोळे बारीक केले आणि त्याच भाषेत हळूच विचारलं, "डावं?"

"उजवं," म्हातारा म्हणाला.

"उचल."

"खाली ठेव."

"हजर!"

"हजर, साहेब!"

दोघांकडे मिळून त्या भाषेतले विसेक शब्द उरले असतील, सगळे हुकमांचे. एककानीनं कानाच्या जागी बोट दाखवलं आणि म्हणाला, "गोळी." म्हाताऱ्यानं शर्ट वर करून बरगडीवरचा वण दाखवला आणि म्हणाला, "शिक्षा." एककानीनं मान डोलावली. जन्मभर ज्या भाषेला दोघांनी शिव्या दिल्या, तिच्यातच ते दोघं दगडाला टेकून बसले आणि सावली सरकेपर्यंत हसत राहिले. सून खेचराचा दोर धरून बघत होती. तिला यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

पण दोस्ती झाली म्हणून एककानी दगड सोडीना. तेव्हा सून पदर खोचून त्याच्यासमोर उभी राहिली आणि जे बोलली ते म्हाताऱ्याला नंतर अर्धंमुर्धं कळलं. ती म्हणाली होती, "तू काही एवढ्यात मरत नाहीस. तुझा बाप नव्वदीत झाडावर चढायचा. तोवर दुसरा घडव. इथं पडून याच्यावर शेवाळ धरेल. तिथं हा फिरेल, त्याचं पीठ माणसं खातील." एककानीनं दगडाच्या डोळ्यात हात घातला. मग म्हणाला, "जन्मभर दगड घडवले. सम्राटाचे गाडे यायचे आणि घेऊन जायचे. एकही फिरताना पाहिला नाही." देतो म्हणाला, पण मी बरोबर येणार. आणि माझी सून येणार, कारण माझे गुडघे ती सांभाळते.

धान्याची पोती उतरवून ठेवली आणि त्याच दुपारी निघाले. दगड चाकासारखा कडेवर उभा केला, डोळ्यातून वासा घातला, वाशाला दोरखंड बांधले. गावातले चार गडी आणि दोन्ही सुना वरच्या अंगानं दोर ताणून धरणार आणि उतारावर झाडाला वेढा देत देत दगड हळूहळू सोडणार. म्हातारा पुढे वाट साफ करायला. एककानी बाजूनं चालत त्या जुन्या फौजेच्या भाषेत हुकूम सोडत होता. तेवढ्यापुरता त्याचा सगळा ताठा परत आला होता.

निम्मा उतार नीट गेला. दोरानं हातांची सालं निघाली, खांदे भरून आले, घाम डोळ्यांत गेला तरी पुसायला हात मोकळा नव्हता. धुकं चढत होतं. एका अरुंद जागी म्हातारा वाकून एक गोटा काढत असताना मागे दोर तुटल्याचा फाटकन आवाज झाला.

सून ओरडली. एवढ्या जोरात की दरी घुमली. पण ओरडली ती डोंगराच्या भाषेत. म्हातारा वळला आणि म्हणाला, "काय?"

धुक्यातून दगड येत होता. गडगडत नव्हता, नुसता येत होता, दोन्ही बाजूंना वासा बाहेर काढून. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला भिंतीसारखा उभा खडक. पळायला जागा नव्हती.

तेवढ्यात एककानीनं हुकूम दिला. गोळीबाराआधी द्यायचे तो. जमिनीवर!

म्हाताऱ्याच्या डोक्याला तो कळलाही नसेल. अंगाला कळला. खडकाच्या कडेला तो पालथा पडला, हनुवटी चिखलात, हात डोक्यावर. वासा पाठीवरून वाऱ्यासारखा गेला. पुढे वळणावर दगड झाडोऱ्यात घुसला, फांद्या मोडल्या आणि सगळं शांत झालं.

एककानी आधी दगडाकडे धावला. काठाचा एक टवका उडाला होता, एवढंच. मग त्याला माणसाची आठवण झाली.

म्हातारा अजून पालथाच होता. उठायचा हुकूम कुणी दिला नव्हता. सून येऊन त्याच्या शेजारी बसली, त्याला उलटा केला, डोकं चाचपलं, हात-पाय चाचपले. मग त्याच्या खांद्यावर एक रट्टा घातला आणि बोलायला लागली. डोंगराच्या भाषेत, रडत, नाक पुसत, त्याच्या तोंडावरचा चिखल आपल्या पदरानं खरवडून काढत. बराच वेळ बोलली. म्हाताऱ्याला एक शब्द येत नव्हता आणि सगळं कळत होतं.

"मला शब्द आठवला नाही, मामंजी," शेवटी ती खोऱ्याच्या भाषेत म्हणाली. "'सरका' म्हणायचं होतं. नाही आठवला. तुम्ही... गेला असता."

"गेलो नाही ना?"

"तुम्ही 'काय' म्हणत उभे!"

"तू काही सांगितलंस तर मी 'काय' असंच विचारणार. तीन वर्षांत सवयच नाही लागली ऐकायची." तो उठून बसला. कमरेतून कळ आली. "पोरी, घरी का नाही गं बोलत अशी?"

ती हाताची सालं निघालेली कातडी बघत बसली. "चुकतं," ती म्हणाली. "हसतात."

"हसू देत की. काल मावशीच्या घरी मला सगळं गाव हसलं. मेलो का?"

ती हसली. "तुम्ही चार पेले दूध प्यालात."

"नाही म्हणायला शब्द नव्हता!"

"होता. मी दिला असता," ती म्हणाली. "तुम्ही विचारलं नाहीत."

म्हातारा तिचा हात धरून उठला.

खाली पुलापाशी गाडा मिळाला. दगड घेऊन ते गावात शिरले तेव्हा दुसऱ्या दिवसाची भर दुपार होती आणि बागवाला पाटाच्या तोंडाशी उभा राहून आपल्या बाजूचा बांध मोजून पाहत होता. दगड बघून म्हणाला, "आणलात वाटतं." म्हातारा काही बोलायच्या आधी सून म्हणाली, "आणला. आता तुम्ही सरका." बागवाला सरकला. तो शब्द तिच्या तोंडी चांगलाच बसला होता.

पुढचे दिवस नुसत्या टाकीच्या आवाजात गेले. म्हातारा, एककानी आणि सून दगडाला टाकी लावत होते. ठिणग्या, बारीक काळी धूळ, पापण्यांवर, दातांवर. मुलगा खाटेवरून सूचना करत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. ज्या दिवशी दगड जागेवर बसला, त्याच दिवशी गाड्यांची पहिली रांग पुलावरून दिसली. म्हाताऱ्यानं पाटाचं पाणी अडवणारी फळी उचलली. पाणी चाकावर पडलं, चाक कण्हलं, थोडं मागे गेलं आणि मग फिरलं. एककानी चक्कीच्या आत भिंतीला टेकून उभा होता. दगड फिरू लागला तशी त्याची मान त्याच्याबरोबर गोल गोल फिरायला लागली, लहान मुलासारखी. पिठाची पहिली धार पडली ती त्यानं मुठीत घेतली, चिमटीत चोळली, जिभेवर ठेवली. मोठे पंच आले होते. त्यांनीही पीठ चोळून पाहिलं, म्हणाले, "बारीक आहे," आणि बागवाल्याकडे न बघता निघून गेले.

म्हातारीची मात्र पंचाईत झाली. एककानीची सून दिवसभर अबोलीजवळ असायची आणि दोघींच्या तोंडाचा पट्टा पाटाच्या पाण्यासारखा चालायचा. म्हातारीनं आधी भांडी आपटली. मग नवऱ्याला गाठलं. "हिला डोंगरात नेऊन काय केलंत तुम्ही? माझी सून मुकी होती, ती परत आणा."

"ती तिथंच राहिली," म्हातारा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी म्हातारीला राहवेना. दोघी अंगणात शेंगा सोलत होत्या. ती त्यांच्यात जाऊन बसली, पुढ्यात शेंगा ओढल्या. "काय चाललंय एवढं? माझ्याबद्दल असेल तर तोंडावर सांगा."

"तुमच्याबद्दल नाही, सासूबाई," अबोली म्हणाली. "वरच्या वस्तीतल्या मधवाल्याच्या बायकोचं."

"तिचं काय?"

"ती घर सोडून गेली. त्याच्या भावाबरोबर."

शेंग म्हातारीच्या बोटांतच राहिली. "धाकट्या की थोरल्या?"

"थोरल्या. त्याला पाच मुलं."

"अगंबाई! आणि हा मधवाला?"

अबोलीनं विचारलं. एककानीच्या सुनेनं हातवारे करून सांगितलं. अबोलीनं सांगायला सुरुवात केली, मध्ये एक शब्द अडला, म्हातारीनं तो पुरवला. पुन्हा अडला, पुन्हा पुरवला. "अर्धं नको, सगळं सांग," म्हातारी म्हणत होती. शेंगा संपल्या, टरफलांचा ढीग झाला, चुलीवरचं दूध उतू गेलं. तीन वर्षं एवढी मोठी खाण आपल्या घरात होती आणि आपण तिला मिठाची बरणी दाखवायला लावत होतो, या विचारानं म्हातारीला अगदी लुबाडल्यासारखं झालं.

एककानी आणि त्याची सून परत गेले. हंगाम भरात आला. मुलगा काठीच्या आधारानं दारापर्यंत येऊ लागला. गाड्यांमागे गाडे येत होते आणि चक्की थांबत नव्हती. एका दुपारी म्हातारा गोणीचं तोंड बांधत होता, भुवयांपर्यंत पांढरा झालेला. म्हातारी चाळणी घेऊन बसली होती, पण हात चालत नव्हता.

"अगं," ती सुनेला म्हणाली, "त्या मधवाल्याच्या बायकोचं पुढे काय झालं?"

"काय माहीत," अबोली दगडाच्या घरघरीवरून ओरडून म्हणाली. "इथं कसं कळणार? तिकडे जाऊन विचारायला पाहिजे."

म्हातारीनं चाळणी खाली ठेवली, हाताचं पीठ झटकलं आणि नवऱ्याकडे वळली.

"अहो, खेचर मोकळं कधी होतंय?"